मानेच्या धमनीत रोबोटने स्टेंट टाकताना: हाताचं काम कुठे संपतं आणि जॉयस्टिकचं कुठे सुरू होतं

कॅथलॅबमध्ये नवीन आलेले टेक्निशियन, सिस्टर, फेलो सगळे रोबोटची पहिली केस बघायला उत्सुक असतात आणि केस संपली की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो, अहो पण रोबोटने नेमकं केलं काय, अर्धी केस तर डॉक्टर टेबलापाशी उभे राहूनच करत होते. प्रश्न बरोबर आहे. कॅरोटिड स्टेंटिंगमध्ये, म्हणजे मानेच्या धमनीत जाळीची नळी (स्टेंट) बसवताना, सुरुवात हाताने होते, मधला भाग रोबोटवर जातो, स्टेंट उघडायची वेळ आली की पुन्हा हात येतो आणि शेवट परत हातानेच. एका केसमध्ये तीन-चार वेळा अशी अदलाबदल होते, आणि मी जेवढ्या केसेसला उभा राहिलोय त्यात जे काही गडबडलं ते बहुतेक या अदलाबदलीच्या मिनिटाभरातच गडबडलं. जॉयस्टिक चालवायला लोक पटकन शिकतात. वायर, म्हणजे धमनीत घातलेली ती बारीक तार जिच्यावरून बाकी सगळं सरकतं, कुणाच्या ताब्यात आहे हे दर क्षणाला सगळ्यांना माहीत असणं, ते शिकायला वेळ लागतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एक आधीच सांगतो, हे ट्रेनिंग घेतलेल्या टीमसाठी आहे. मशीनचं अधिकृत ट्रेनिंग, फँटमवरची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या नकली मॉडेलवरची, प्रॅक्टिस आणि हाताने कॅरोटिड स्टेंटिंगचा भरपूर अनुभव हे तिन्ही नसेल तर रोबोटला हात लावू नका. पेशंटच्या घरचं कुणी वाचत असेल तर काचेपलीकडे काय चालतं एवढं तरी त्यांना कळेल.

आजार थोडक्यात

मानेच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमनी असते, ती जबड्याच्या जरा खाली दोन फाट्यांत जाते, एक आतली जी मेंदूला रक्त देते आणि एक बाहेरची जी चेहऱ्याला आणि डोक्याच्या कातडीला देते. या फाट्यापाशी रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाही, भोवरे होतात, भिंतीवरचा घासणारा दाब कमी पडतो, आणि तिथेच चरबीचा थर साचतो. हा थर नुसता अरुंद करतो म्हणून त्रास होतो असं नाही, त्याचा तुकडा किंवा त्यावरची गुठळी सुटून वर मेंदूत जाते हा मोठा धोका. तोंड वाकडं होणं, एका हाता-पायातली ताकद जाणं, बोलताना शब्द न सापडणं, एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होऊन काही मिनिटांनी परत दिसायला लागणं, ही त्याची लक्षणं. काही मिनिटांत बरं वाटलं तरी तो इशारा असतो, घरी बसायचं नाही.

किती अरुंद झालं की उघडायचं याचा आधार अजूनही १९९१ च्या नॅसेट या ट्रायलकडे जातो. लक्षणं आलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या पेशंटमध्ये नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक २६ टक्क्यांना झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्क्यांना. ते ऑपरेशन म्हणजे मान उघडून थर खरवडून काढणं. स्टेंट नंतर आला, आणि २०१० च्या क्रेस्ट ट्रायलमध्ये अडीच हजार पेशंटमध्ये दोन्ही पद्धती एकूण हिशेबात जवळपास सारख्या निघाल्या, फक्त स्टेंटमध्ये स्ट्रोक जरा जास्त आणि ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅक जरा जास्त. वयाचाही फरक दिसला, साधारण सत्तरीच्या पुढे ऑपरेशन बरं पडतं. हे सगळं सांगायचं कारण असं की रोबोट आला म्हणून हा हिशेब बदलत नाही. जो पेशंट स्टेंटसाठी योग्य नाही तो रोबोटिक स्टेंटसाठीही योग्य नाही. आणि टीमचा स्ट्रोक किंवा मृत्यूचा आकडा लक्षणं असलेल्यांत ६ टक्क्यांच्या आत आणि लक्षणं नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत हवा ही जुनी पट्टी आहे, ती रोबोटच्या टीमलाही तशीच लागू.

रोबोट म्हणजे नेमकं काय

लोकांच्या डोक्यात पोटाच्या ऑपरेशनचा रोबोट असतो, चार हातांचा, कॅमेरावाला. हा तो नाही. इथे दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. पहिल्या जातीत कॅथेटरच (धमनीत घालायची बारीक नळी) रोबोटिक असतो, त्याचं टोक मशीन वळवतं, हॅन्सेन मेडिकलचा मॅगेलन हा तसा होता, महाधमनीच्या कमानीतून वर जायला तो वापरला गेला, कल्पना ही की टोक भिंतीला कमी घासलं तर कमी कचरा सुटेल. दुसऱ्या जातीत आपल्या नेहमीच्याच वायर, बलून, कॅथेटर असतात आणि रोबोट फक्त त्यांना धरून पुढे-मागे करतो, फिरवतो. कोरिंडसचा कॉरपॅथ जीआरएक्स आणि फ्रान्सच्या रोबोकॅथचा आर-वन हे या जातीचे. खाली जे लिहितोय ते दुसऱ्या जातीबद्दल.

टेबलाच्या रेलला रोबोटचा एक हात बसवतात, त्याच्या टोकाला डिस्पोजेबल कॅसेट असते, कॅसेटमधल्या चाकांमध्ये वायर, बलून आणि गाइड कॅथेटर (बाकी सामान ज्याच्या आतून जातं ती नळी) बसतं. ऑपरेटर एक्स-रे अडवणाऱ्या लेडच्या आडोशामागे किंवा काचेपलीकडे खुर्चीत बसतो, समोर स्क्रीन, हाताखाली (कॉरपॅथमध्ये) तीन जॉयस्टिक, एक गाइड कॅथेटरची, एक वायरची, एक बलून किंवा स्टेंटची. एक मिलिमीटर पुढे म्हटलं की एक मिलिमीटरच पुढे जातं, हे हाताने कितीही चांगला माणूस असला तरी दर वेळी जमत नाही. आणि एक गोष्ट हलवली की बाकीच्या जागच्या जागी धरलेल्या राहतात. कॅरोटिडमध्ये हा फायदा फार मोठा आहे, का ते पुढे फिल्टरपाशी (तुकडे अडवणारी छोटी जाळी) सांगतो.

कॉरपॅथचं पहिलं मॉडेल अमेरिकेत २०१२ साली हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी मंजूर झालं, जीआरएक्स २०१६ ला आलं, २०१८ ला हाता-पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी परवानगी मिळाली आणि २०१९ ला युरोपात मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी. त्याच वर्षी सीमेन्स हेल्दिनियर्सने कोरिंडस ही कंपनी घेतली, आणि २०२३ ला हृदयाच्या कामातून रोबोट मागे घेत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे तुमच्याकडे जे मशीन आहे त्याला कुठल्या कामाची परवानगी आहे, कॅसेट आणि सुटे भाग पुढे मिळणार आहेत का, आणि मानेसाठी वापरताना एथिक्स कमिटीची मंजुरी लागते का, हे केस लावायच्या आधी कागदावर बघा. पेशंटच्या संमतीपत्रातही रोबोट हा शब्द स्पष्ट यायला हवा, आणि हाताने पूर्ण करावं लागू शकतं हेही.

पुरावा किती आहे तेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. हृदयासाठी २०१३ ची प्रिसाइज नावाची स्टडी आहे, १६४ पेशंट, ऑपरेटरला लागणारं रेडिएशन ९५ टक्क्यांनी कमी झालं. मानेसाठी अशी मोठी स्टडी नाही, २०२० पासून केसेसच्या छोट्या छोट्या मालिका छापून आल्या, प्रत्येकीत मोजकेच पेशंट, त्यांतून एवढंच म्हणता येतं की करता येतं आणि काळजीने केलं तर सुरक्षितपणे करता येतं. स्ट्रोक कमी होतात असं कुणी दाखवलेलं नाही. पेशंटच्या नातेवाइकांना हे असंच सांगा, रोबोट आहे म्हणजे धोका कमी असं कुणीही बोलू नये, रिसेप्शनवरच्यानेही नाही.

पेशंट निवडताना

सीटी अँजिओ नीट बघा, महाधमनीच्या कमानीपासून कवटीपर्यंतचा. कमान कुठल्या प्रकारची आहे ते आधी. टाइप एक सोपी, टाइप तीन म्हणजे फांद्या कमानीच्या माथ्यापासून खूप खालून निघतात आणि तिथे शीथ (ज्यातून बाकी सामान आत जातं ती बाहेरची नळी) वर नेणं हेच अवघड काम होऊन बसतं, आणि हे काम आपण हाताने करणार आहोत त्यामुळे रोबोटची त्यात काही मदत होत नाही. मग धमनीची वळणं, फाट्याच्या वर फिल्टर ठेवायला सरळ भाग किती मिळतो, कॅल्शियम किती आहे, पूर्ण गोलाकार कडक कॅल्शियम असेल तर स्टेंट नीट उघडत नाही. ताजी गुठळी लोंबताना दिसतेय तर थांबा, त्या पेशंटमध्ये स्टेंटच नको.

शिकायच्या काळात, म्हणजे टीमच्या पहिल्या काही केसेस, सोप्याच घ्या. सरळ कमान, छोटा अडथळा, शांत झोपून राहू शकणारा पेशंट. लक्षणं आल्यावर दोन आठवड्यांच्या आत धमनी उघडली तर फायदा सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे रोबोटची तारीख मिळत नाही म्हणून केस पुढे ढकलणं हे अगदी चुकीचं आहे, हाताने करून टाका.

आदल्या दिवसापर्यंतची तयारी

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू पाहिजेत, शक्यतो चार-पाच दिवस आधीपासून, नाहीतर क्लोपिडोग्रेलचा लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस). स्टॅटिन चालू. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघितलेलं. केसच्या आधी न्यूरोची तपासणी करून लिहून ठेवा, कुठल्या हातात किती ताकद, बोलणं कसं, कारण नंतर काही बदललं का हे ठरवायला आधीचं लिहिलेलं लागतं.

पेशंटशी बोलताना एक गोष्ट जरूर सांगा, की डॉक्टर काही वेळ तुमच्या शेजारी दिसणार नाहीत, ते काचेपलीकडे बसतील, तुमचा आवाज त्यांना ऐकू येईल आणि त्यांचा तुम्हाला. ही केस आपण लोकल भूल देऊन जागेपणीच करतो, पेशंटला सगळं कळत असतं, आणि डॉक्टर अचानक टेबल सोडून निघून गेले असं वाटलं की माणूस घाबरतो, बीपी चढतं, मान हलते. एका काकांनी केसच्या मध्येच मान वळवून विचारलं होतं की डॉक्टर गेले का, वायर तेव्हा आत होती. सुदैवाने काही झालं नाही पण तेव्हापासून मी हे स्वतः जाऊन सांगतो.

साइझ आधीच ठरवून मागवून ठेवा: स्टेंट, दोन मापांचे बलून, फिल्टर. आणि हे सगळं रॅपिड एक्सचेंज प्रकारचं (वायर जागेवर ठेवून पटकन बदलता येणारं) आणि ०.०१४ इंचाच्या वायरवर चालणारं हवं, कारण कॅसेट त्यासाठी बनलेली आहे. स्टेंटची डिलिव्हरी शाफ्ट जाड असते, ती तुमच्या कॅसेटमध्ये नीट बसते का हे पेशंट टेबलावर असताना बघायची गोष्ट नाही, जुन्या एक्स्पायर झालेल्या नगावर आधी करून बघा.

लांबीचा हिशेबही आधी करा. कॅसेट आणि तिचा ट्रॅक काही सेंटिमीटर लांबी खातात, त्यामुळे हाताच्या केसमध्ये आरामात पुरणारं कॅथेटर इथे अपुरं पडू शकतं. उंच पेशंट, लांब कमान, तर विशेष करून.

रोबोट लावणं

रोबोटचा हात रेलला घट्ट बसवा, स्टेराइल ड्रेप घाला आणि मग सी-आर्म (एक्स-रेची फिरणारी कमान) सगळ्या अँगलना फिरवून बघा, डोक्याकडे, दोन्ही तिरक्या बाजूंना, पूर्ण लॅटरल (एका बाजूने). कुठेही धडकता कामा नये. मानेच्या कामात लॅटरल लागतोच, हृदयाच्या केसची पोझिशन इथे तशीच्या तशी चालत नाही. एकदा पोझिशन मिळाली की टेबल कुठे, हात कुठे याचा फोटो काढून लॅबमध्ये लावून ठेवा.

रोबोटच्या हाताची रेषा आणि मांडीतल्या किंवा मनगटातल्या शीथची रेषा शक्य तितकी सरळ ठेवा. मध्ये कोन पडला की पुढे ढकललेलं कॅथेटर आत जायच्या ऐवजी बाहेरच वाकतं, आणि ऑपरेटर स्क्रीनकडे बघत असल्यामुळे त्याला ते दिसतच नाही. ते टेबलापाशी उभ्या माणसालाच दिसणार, त्यामुळे ते बघणं हे त्याचं काम आहे असं नाव घेऊन ठरवा.

इंटरकॉम तपासा, दोन्ही बाजूंनी. इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे ते टीममधल्या प्रत्येकाला बोट दाखवून सांगायला लावा.

केस, पायरी पायरीने

ॲक्सेस, म्हणजे धमनीत शिरणं, हाताने. मांडीतून किंवा मनगटातून, रक्त गोठू न देणारं हेपरिन द्या, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० ते ३०० सेकंदांच्या दरम्यान ठेवा. कॉमन कॅरोटिडमध्ये लांब शीथ किंवा गाइड कॅथेटर हाताने न्या, टोक अडथळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा. टोक अडथळ्याला चिकटवू नका. इथपर्यंत रोबोट बाजूला.

आता पहिली अदलाबदल. गाइडचा वाय-कनेक्टर (मागच्या टोकाचा दोन फाट्यांचा जोड) कॅसेटमध्ये बसवायचा आणि झाकण लावायचं. झाकण लावायच्या आधी हवेचा बुडबुडा बघायचा, सावकाश, दोघांनी. हेपरिनचं सलाइन सतत चालू, वाय-कनेक्टर उलटा करून टिचकी मारून, पुन्हा फ्लश. हृदयाच्या केसमध्ये छोटा बुडबुडा बऱ्याचदा निभावून जातो, इथे पुढे मेंदू आहे, आणि कॅसेट बंद झाली की कनेक्टर नीट दिसत नाही. घाई करायची जागा ही नाही. मग गाइड मिलिमीटरभर पुढे-मागे करून फ्लुरोवर (चालत्या एक्स-रेवर) बघा की टोक खरंच तेवढंच हलतंय.

वायर आणि फिल्टर कॅसेटमध्ये लावले की टेबलावरचा माणूस मोठ्याने म्हणतो "वायर रोबोटकडे", ऑपरेटर परत म्हणतो "वायर माझ्याकडे". तोपर्यंत कुणी जॉयस्टिकला हात लावत नाही. ऐकायला हे शाळेसारखं वाटतं पण यावाचून चालत नाही.

अडथळा ओलांडणं हा रोबोटचा खरा भाग. रोडमॅप (स्क्रीनवर धरून ठेवलेलं धमनीचं चित्र) घ्या, मॅग्निफाय करा, वायरचं टोक कायम स्क्रीनवर ठेवा. इथे हाताला काही जाणवत नाही, वायर कशाला तरी अडली तर बोटांना कळायचं ते आता डोळ्यांनी कळून घ्यायचं. टोक वाकायला लागलं, वायरचा मधला भाग बाक घ्यायला लागला, किंवा गाइड हळूच मागे सरकलं, या तीन गोष्टी म्हणजे अडलंय. लगेच जॉयस्टिक सोडा, थोडं मागे, फिरवा, पुन्हा. जोर लावायचा नाही, मशीनला जोर लावताना थकवा येत नाही आणि नेमका तोच धोका आहे. टर्बो (वेग वाढवणारं) बटण असेल तर ते फक्त गाइडच्या आत असताना, टोक बाहेर आलं की टर्बो बंद. नवीन माणसाला मी सांगतो की एकेक मिलिमीटरच्या टप्प्यांनी जा, वेळ लागू दे. छापून आलेल्या मालिकांमध्येही रोबोटच्या केसला हाताच्या केसपेक्षा जास्त वेळ लागलेला दिसतो, ते गृहीत धरूनच लिस्ट लावा.

फिल्टर कवटीच्या हाडात शिरायच्या आधीच्या सरळ भागात उघडायचा, भिंतीला चारी बाजूंनी टेकलाय ना ते दोन अँगलमध्ये बघायचं. फिल्टर म्हणजे छोटी जाळीदार छत्री, रक्त जाऊ देते आणि सुटलेले तुकडे अडवते. आता वर म्हटलेला फायदा. हाताच्या केसमध्ये बलून बदलताना, स्टेंट वर नेताना वायर थोडी ओढली जातेच, फिल्टर वरखाली होतो, धमनीच्या भिंतीला घासतो, धमनीला आकडी येते (ती आकसते). रोबोटमध्ये बलूनची जॉयस्टिक चालवत असताना वायर धरलेली राहते, फिल्टर जागचा हलत नाही. मला विचाराल तर रोबोट आणायचं मानेच्या कामातलं सगळ्यात पटणारं कारण हेच आहे, रेडिएशनच्याही आधी.

बलून वर न्या, साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा, एकदाच फुगवा. फुगवणं हाताने, टेबलावरचा माणूस करतो, ऑपरेटर आकडा सांगतो. रोबोटवर अजून एक चांगली सोय आहे, बलूनचा मार्कर (एक्स-रेत दिसणारी खूण) अडथळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला की किती मिलिमीटर गेला ते स्क्रीनवर येतं, म्हणजे स्टेंटची लांबी अंदाजाने ठरवावी लागत नाही.

स्टेंट. जागेवर नेणं रोबोटने, अगदी मिलिमीटरपर्यंत नेमकं. उघडणं मात्र बऱ्याच टीम हाताने करतात, कारण हे स्टेंट स्वतः उघडणारे, नायटिनॉल या मिश्रधातूचे असतात, त्यांचं वरचं आवरण मागे ओढावं लागतं आणि ती ओढ कॅसेट देत नाही. म्हणजे दुसरी अदलाबदल, आणि सगळ्यात नाजूक. ऑपरेटरने म्हणायचं "वायर लॉक, गाइड लॉक", टेबलावरच्याने बघून म्हणायचं "लॉक आहे", मग हँडलचा हात स्थिर ठेवून आवरण ओढायचं, ऑपरेटरने फ्लुरोवर मोठ्याने सांगत राहायचं, वर जातोय, खाली येतोय, ठीक आहे, उघड. सुरुवातीच्या एका केसमध्ये दोघांनाही वाटलं की वायर दुसऱ्याने धरलीय. फिल्टर दोन सेंटिमीटर खाली आला. धमनीला आकडी आली, औषध दिल्यावर सुटली, पेशंट बरा झाला, पण ती पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही. हे मोठ्याने बोलायचे शब्द तिथूनच आमच्या लॅबमध्ये आले.

स्टेंट उघडल्यावर आतून बलून, साधारण ५ मिलिमीटरचा, पुन्हा एकदाच. पूर्ण गोल दिसावा म्हणून परत परत फुगवू नका, थोडं अरुंद राहिलं तर चालतं, जास्त फुगवलं की स्टेंटच्या जाळीतून तुकडे पिळून निघतात. या बलूनच्या आधी ॲट्रोपिन सिरिंजमध्ये भरून हातात, कारण फाट्यापाशी दाब मोजणारी जागा असते, ती ताणली गेली की नाडी एकदम पडते, कधी काही सेकंद थांबते. ०.५ ते १ मिलिग्रॅम बऱ्याच जागी आधीच देतात. ऑपरेटर लांब बसलाय म्हणून औषध कुणी द्यायचं हे आधी ठरलेलं हवं, नाडी पडल्यावर नाही.

प्रत्येक पायरीनंतर पेशंटला बोलतं करा. उलट्या बाजूच्या हातात दाबलं की आवाज येणारं खेळणं द्या, डावी धमनी असेल तर उजव्या हातात. "काका, दाबा एकदा." आवाज आला, ठीक. "आज वार कोणता?" बोलणं ठीक. हे विचारणारा माणूस एकच असावा आणि त्याने उत्तर इंटरकॉमवर परत सांगावं, कारण काचेपलीकडे पेशंटचा पुटपुटलेला आवाज नीट पोचत नाही.

फिल्टर काढायच्या आधी अँजिओ. प्रवाह मंद दिसला तर फिल्टर भरलाय, धमनी बंद झाली असं समजून पुन्हा बलून वर नेऊ नका, आधी रक्त खेचून घ्या आणि मग फिल्टर मिटवा. फिल्टर परत घेताना तो नुकत्याच टाकलेल्या स्टेंटच्या तारांत अडकू शकतो, म्हणून बरेच जण इथे रोबोट सोडून हाताने करतात, मलाही तेच बरं वाटतं. शेवटी मानेचा आणि मेंदूचा दोन बाजूंनी अँजिओ, आधीच्याशी शेजारी ठेवून जुळवा.

टेबलापाशी उभा राहणाऱ्याचं काय

यावर फार कमी बोललं जातं. ऑपरेटर लेडच्या आडोशामागे गेला, त्याचं ॲप्रन उतरलं, पाठीला आराम मिळाला, हे चांगलंच आहे, वर्षानुवर्षं ॲप्रन घालून उभं राहून किती जणांच्या कंबरा गेल्यात ते मी बघितलंय. पण टेबलापाशी कुणीतरी असतंच, बलून बदलायला, डाय द्यायला, पेशंटशी बोलायला, आणि बहुतेक वेळा ते टेक्निशियन किंवा फेलो असतात. त्यांचं ॲप्रन, थायरॉइड कॉलर, चष्मा, डोसिमीटर (लागलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला) सगळं अंगावर हवं आणि छतावरचा शील्ड त्यांच्यासाठी लावलेला हवा. ऑपरेटरने प्रत्येक शूटच्या (एक्स-रे चित्रणाच्या) आधी "शूट" म्हणायचं आणि टेबलावरच्याने दोन पावलं मागे जायचं, अंतर दुप्पट झालं की रेडिएशन साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं. खुर्चीत बसल्यावर पाय पेडलवर विसरून राहतो, हे मी अनुभवी माणसांकडूनही होताना बघितलंय, त्यामुळे दर थोड्या वेळाने फ्लुरोचा वेळ कुणीतरी मोठ्याने वाचावा.

रोबोट सोडायची वेळ

मशीन अडकलं, चाकात वायर घसरायला लागली, गाइड धमनीतून निसटलं, पेशंट हलायला लागला, हात दाबेना किंवा बोलेना, यातलं काहीही झालं की रोबोट सोडा. पेशंट बोलेना तर ऑपरेटर खुर्चीतून उठून टेबलापाशी, यावर चर्चा नाही. मेंदूतल्या धमनीत गुठळी गेली असेल तर ती काढायचं सामान त्याच खोलीत, उघडायला तयार. ऑपरेटर स्वतः ते करू शकणारा हवा किंवा करणारा त्याच इमारतीत हवा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या पेशंटच्या हृदयाची रोबोटिक अँजिओप्लास्टी डॉ. तेजस पटेल यांनी साधारण ३२ किलोमीटरवरून केली, पाच पेशंट, ते मोठं पाऊल होतं, पण तिथेही टेबलापाशी पूर्ण टीम उभी होती. मानेच्या बाबतीत लांबून करायचा विचार करणाऱ्यांनी आधी टेबलापाशी कोण असेल हे ठरवावं.

हाताने घ्यायची कवायत फँटमवर करा, स्टॉपवॉच लावून. क्रम असा: जॉयस्टिक सोडली, "वायर हातात" असं म्हणून टेबलावरच्याने वायर शीथजवळ चिमटीत पकडली, मग कॅसेटचं झाकण उघडलं, बलून किंवा स्टेंट मोकळा केला, गाइड मोकळं केलं, रोबोटचा हात बाजूला फिरवला. वायर पकडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढी एक गोष्ट अंगवळणी पडेपर्यंत करा. महिन्यात केसेस कमी असतील तर ही कवायत जास्त वेळा.

केस झाल्यावर

बीपी हे पहिलं. ताणलेल्या फाट्यामुळे ते काही तास, कधी एक-दोन दिवस कमी राहतं, सलाइन आणि गरज पडली तर औषध. आणि उलटंही होतं, इतके दिवस कमी रक्त मिळणाऱ्या मेंदूला एकदम भरपूर मिळायला लागलं की त्याच बाजूचं डोकं ठणकतं, फिट येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वरचं बीपी १४० च्या खाली, आणि "डोकं दुखतंय" हे वॉर्डमध्ये कुणी साध्या गोळीवर घालवू नये, आधी बीपी आणि तपासणी. हे पहिल्या काही दिवसांत घरी गेल्यावरही होऊ शकतं, त्यामुळे डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरच्यांना तोंडीही सांगा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही किमान चार आठवडे, पुढे ॲस्पिरिन कायम. दात काढायचा म्हणून कुणी मध्येच गोळ्या बंद केल्या तर स्टेंट बंद पडू शकतो, हेही सांगा.

महिनाभराच्या आत एक डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) करून ठेवा, सगळं ठीक असलं तरी. स्टेंटमुळे धमनी कडक होते आणि रक्ताचा वेग मुळातच जास्त मोजला जातो, आधीचा आकडा नसेल तर सहा महिन्यांनी कुणीतरी ते वाचून परत अरुंद झाली म्हणेल आणि पेशंट उगाच टेबलावर येईल.

आणि त्याच दिवशी, टीम लॅबमध्ये आहे तोवर, नोंद करा: कुठली पायरी रोबोटने झाली, कुठली हाताने, कुठे बदलावं लागलं आणि का, फ्लुरो किती मिनिटं, टेबलावरच्याचा डोसिमीटर किती. "रोबोटिक केस, यशस्वी" एवढं एका ओळीत लिहून ठेवलेलं रजिस्टर पुढच्या टीमच्या काहीच कामाचं नसतं. आमच्या वहीत अदलाबदलीसाठी वेगळा रकाना आहे, त्यात वेळ लिहितो आणि वायर कुणी दिली, कुणी घेतली ती दोन नावं.